पंधरा दिवसांपूर्वी रंगवलेली गाडी लगेच वेगळ्या रंगात रंगवता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरपूरला तुमची दहा वर्षे जुनी पांढरी हॅचबॅक गाडी आहे. पंधरा दिवसांपूर्वी ती गॅरेजमध्ये संपूर्ण रंगवून घेतली. गडद राखाडी मेटॅलिक सांगितला होता, पण गाडी उन्हात आल्यावर तो निळसर दिसू लागला आणि घरात कोणालाच पसंत पडला नाही. आता गाडी मरून करायची आहे. एक पेंटर म्हणतो की वरून पेपर मारून, म्हणजे सँडपेपरने घासून, दोन दिवसांत रंग मारून देतो, तर दुसरा म्हणतो की सगळा रंग पत्र्यापर्यंत काढल्याशिवाय गाडीला हात लावणार नाही. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, की रंगाऐवजी मरून विनाइल रॅप, म्हणजे गाडीवर चिकटवायची रंगीत फिल्म, लावावी, हे तुम्हाला हवे आहे.

मी जळगावात डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो, आणि रंग पसंत न पडल्यामुळे महिन्याभरात पुन्हा रंगवायला आलेल्या गाड्या मला नवीन नाहीत. तुमची अडचण वरच्या रंगाची नसून खालच्या रंगाची आहे. मरून कोणता घ्यायचा आणि कोणत्या कंपनीचा, हे नंतरचे. राखाडी म्हणून तुमच्या गाडीवर नेमके काय मारले गेले आहे आणि ते आतपर्यंत पक्के झाले आहे का, हे आधी समजले पाहिजे. ते समजले की पहिला पेंटर बरोबर की दुसरा, हे वेगळे विचारावे लागणार नाही. गाडी न पाहता मी यातले काही ठामपणे सांगू शकत नाही, पण तपासायचे कसे ते सांगतो. ती तपासणी तुम्ही घरीही करू शकता.

आपल्याकडे गाडीवर साधारणपणे तीन प्रकारचे रंग मारले जातात. पहिला पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे आधी बेस कोट, म्हणजे रंगाचा थर, आणि त्यावर हार्डनर मिसळलेले क्लिअर, म्हणजे चमकदार पारदर्शक थर. यात क्लिअर आणि हार्डनर यांची रासायनिक प्रक्रिया होऊन थर घट्ट होतो आणि एकदा तो पक्का झाला की थिनरलाही दाद देत नाही. दुसरा एनसी (नायट्रोसेल्युलोज), जो केवळ थिनर उडून गेल्यामुळे वाळतो. त्यात प्रक्रिया काही होत नाही, त्यामुळे तो वर्षभराने सुद्धा थिनर लावला की पुन्हा विरघळतो. तिसरा साधा सिंथेटिक इनॅमल, जो हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होतो. या तिघांपैकी पक्का झालेला पीयू हा पुढच्या रंगासाठी उत्तम पाया आहे. एनसी आणि इनॅमल यांवर पीयूचा कोट मारला की त्यातले तेज थिनर खालच्या थरात शिरते, तो थर फुगतो आणि बोनेटवर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या उठतात. अशा वेळी दुसरा पेंटर म्हणतो तसा सगळा रंग काढण्याखेरीज इलाज राहत नाही.

तपासण्यासाठी पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू किंवा दाराची बिजागरीकडची कड निवडा, मात्र तिथेही याच वेळी राखाडी रंग मारलेला असला पाहिजे. पांढरे सुती कापड पीयू थिनरमध्ये भिजवा, त्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग पाच-सहा वेळा घासा. कापडावर राखाडी रंग उतरला, तर क्लिअर विरघळून थिनर बेसपर्यंत पोहोचले आहे, म्हणजे एकतर तो एनसी आहे किंवा क्लिअरमध्ये हार्डनर घातलाच नाही किंवा फार कमी घातला. जागा मऊ पडून चिकट झाली किंवा तिथे बारीक सुरकुती आली, तर रंग अजून कच्चा आहे किंवा इनॅमल आहे. नुसती चमक थोडी मंदावली आणि कापड पांढरेच राहिले, तर निश्चिंत राहा. दुसरी खूण नखाची. अंगठ्याचे नख जोरात दाबल्यावर वळ उमटला आणि तो तसाच राहिला, तर क्लिअर आत मऊ आहे. तिसरी खूण पकडीची. त्याच लपलेल्या जागी ब्लेडने एकेक मिलिमीटरवर उभ्या-आडव्या पाच-सहा रेघा ओढा, त्यावर चांगली चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकटीचे तुकडे पट्टीबरोबर आले, तर गॅरेजवाल्याने जुन्या पांढऱ्या रंगावर पेपर न मारताच राखाडी मारला आहे. मग पहिल्या दोन परीक्षांत गाडी पास झाली असली तरी उपयोग नाही, कारण मरून कितीही चांगला बसला तरी तो राखाडीला धरून बसेल आणि राखाडी पांढऱ्यापासून सुटेल.

बहुतेक गॅरेजांत हल्ली पीयूच मारतात, त्यामुळे तुमच्या गाडीवरही तोच असण्याची शक्यता जास्त आहे. मग प्रश्न फक्त कच्चा-पक्क्याचा राहतो. बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद, तापवता येणाऱ्या खोलीत, पत्रा साठ अंशांपर्यंत तापवून अर्धा तास ठेवला, तर क्लिअर त्याच दिवशी कामापुरते घट्ट होते. पण लहान गावांत बूथ क्वचितच असतो; पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ताडपत्रीच्या आडोशाला काम होते आणि रंग हवेवर वाळतो. हवेवर वाळलेला रंग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो खरा, पण आतले थिनर निघून जायला आणि हार्डनरचे काम पूर्ण व्हायला काही आठवडे लागतात. त्यातच सध्याच्या थंडीत आपल्याकडे रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास येते आणि त्या गारव्यात ती प्रक्रिया जवळजवळ थांबते. म्हणून पंधरा दिवस हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही. मे महिन्यातले पंधरा दिवस आणि डिसेंबरमधले पंधरा दिवस यांत फार फरक आहे. माझा सल्ला असा की नखाची परीक्षा पास झाली तरी एकूण महिना ते दीड महिना जाऊ द्यावा, दिवसा गाडी काही तास उन्हात उभी करावी आणि मगच पेपर हातात घ्यावा. दोन दिवसांत देतो म्हणणाऱ्या पेंटरचे काम चुकीचे नाही. त्याची घाई चुकीची आहे.

आता दुसऱ्या पेंटरविषयी. रंग पत्र्यापर्यंत काढणे म्हणजे अधिक चांगले काम, असा समज आपल्याकडे पक्का रुजलेला आहे आणि तो मला पटत नाही. दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर कारखान्यात चढवलेला जो सर्वांत खालचा थर असतो, तो संपूर्ण बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने बसवलेला असतो. गंजापासून खरे संरक्षण त्याचे आहे आणि कोणत्याही गॅरेजला तो पुन्हा तसा देता येत नाही. पेंट रिमूव्हर लावून किंवा ग्राइंडर फिरवून तो घालवायचा आणि मग त्याच्या जागी डब्यातला प्रायमर मारायचा, हा तोट्याचा सौदा आहे. शिवाय रिमूव्हर जोडांत आणि दारांच्या घडीत अडकून राहते आणि पुढे पहिल्याच पावसाळ्यात तिथूनच रंगाला फोड येतात. त्यामुळे वरच्या तीन परीक्षांपैकी एखादी नापास झाली, किंवा रंगाची जाडी फार झाली असेल, तरच रंग काढावा. तेव्हासुद्धा राखाडीपुरता काढून खालचा मूळ पांढरा थर शक्य तितका राखावा.

जाडीचे गणित थोडक्यात असे. कंपनीचा मूळ रंग साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. राखाडीच्या वेळी सरफेसर (रंगाखालचा, पृष्ठभाग सपाट करणारा थर), बेस आणि क्लिअर मिळून त्यात आणखी शंभराच्या आसपास भर पडली असेल. मरूनचे ऐंशी-नव्वद धरले आणि पेपरने जे कमी होईल ते वजा केले, तर गाडी तीनशेच्या आत राहते, आणि तेवढे चालते. पण एखाद्या दारावर पूर्वीच अपघाताचे काम होऊन पुट्टी भरलेली असेल, तर तिथे आकडा कितीतरी वर जातो, थर ठिसूळ होतो आणि मुंबई-आग्रा महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला एक खडा पैशाएवढा पोपडा काढून नेतो. जाडी मोजायचे छोटे यंत्र चांगल्या वर्कशॉपमध्ये असते. प्रत्येक भाग त्याने तपासून घ्या, बोनेट आणि पुढची दारे तर नक्कीच.

पेपर मारण्याच्या कामावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण गाडी पुढे टिकणार की नाही हे तिथेच ठरते आणि मजुरी वाचवायची म्हटली की पहिली कात्री तिथेच लागते. सुरुवात पेपरने करायची नाही, तेलकटपणा काढण्यापासून करायची. नव्या रंगाला चमक यावी म्हणून तुम्ही या पंधरा दिवसांत एखादे पॉलिश लावले असेल, तर त्यात बहुधा सिलिकॉन असते. ते न काढता पेपर मारला, तर ते ओरखड्यांत भरते आणि मग नव्या रंगावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, जे कितीही कोट मारले तरी भरत नाहीत. म्हणून आधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, एका कापडाने लावायचा आणि तो वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसायचा.

त्यानंतर आठशे नंबरचा पाण्याचा पेपर, रबरी ठोकळ्यावर गुंडाळून. मरूनही मेटॅलिक असेल तर शेवटचा हात हजाराचा, कारण मेटॅलिकखाली जाड ओरखडा लपत नाही. पेपर मारताना निघणाऱ्या राळीकडे, म्हणजे घासलेल्या रंगाच्या पाणीदार गाळाकडे, लक्ष ठेवायचे. ती दुधासारखी पांढरी आहे तोवर फक्त क्लिअर घासले जात आहे आणि तेवढेच आपल्याला हवे आहे. राळीत राखाडी छटा दिसू लागली की पेपर क्लिअर ओलांडून बेसमध्ये शिरला, तिथे हात थांबला पाहिजे. बोनेटची कड, दाराच्या मधली रेघ, चाकावरची कमान अशा उंच जागी हे हमखास होते, म्हणून तिथे ठोकळा न वापरता नुसत्या बोटांनी हलका हात द्यायचा आणि कोपऱ्यांत घासायचा तंतूंचा राखाडी पॅड फिरवायचा. जिथे बेस उघडा पडला तिथे थेट मरून मारला, तर क्लिअरची तुटलेली कड थिनरने उचलली जाते आणि वाळल्यावर त्या जागी नकाशावरच्या सीमारेषेसारखी वेडीवाकडी गोल रेघ उमटते. त्या जागेवर पीयू सरफेसर मारून, वाळवून, पुन्हा पेपर मारणे याला पर्याय नाही. संपूर्ण गाडी एकसारखी मंद, चमकहीन दिसली पाहिजे. उन्हात तिरके पाहिल्यावर कुठेही चकाकणारा ठिपका राहिला, तर तिथे पेपर लागलेला नाही आणि तिथूनच पोपडा निघणार.

आणखी एक गोष्ट इतर भागांतले पेंटर सहसा सांगणार नाहीत. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. बादलीत वाळले तरी पांढरा थर सोडते. त्याच पाण्याने गाडी घासली आणि ती तशीच उन्हात वाळली, तर क्षाराचा अदृश्य थर पृष्ठभागावर राहतो आणि त्यावर रंग चढतो. उन्हाळाभर काही दिसत नाही. पावसाळ्यात ओल रंगातून हळूहळू आत झिरपते, क्षार ती ओढून धरतात आणि मोहरीएवढे फोड येतात. मग दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो. घासायला बोअरचे पाणी चालेल, पण शेवटी गाडी खंगाळायला आरओच्या पाण्याचे दोन जार आणावेत आणि पाणी अंगावर वाळू न देता लगेच पुसून घ्यावे. एवढ्या कामात हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

आता मरूनचे. लाल कुळातले रंग खालचा रंग झाकण्यात कमजोर असतात. निळसर राखाडीवर पारदर्शक मरूनचे दोन कोट मारले, तर तो जांभळट, मळका दिसेल, मग पेंटर तिसरा, चौथा, पाचवा कोट मारत राहील आणि बेस विनाकारण जाड होईल. जाड बेसमध्ये थिनर अडकते आणि वर क्लिअर चढल्यावर ते बाहेर येताना सुईच्या टोकाएवढी छिद्रे पाडते. यासाठी आधी त्या शेडच्या सूत्रात सांगितलेला ग्राउंड कोट, म्हणजे बेसखालचा रंगीत थर, बहुधा लालसर तपकिरी किंवा ठरावीक राखाडी, एकसारखा मारून घ्यावा लागतो. मिक्सिंग मशीन असलेल्या रंगाच्या दुकानात शेडच्या कोडबरोबर त्याचीही माहिती मिळते.

आणि यावेळी शेड कार्डावर विश्वास ठेवू नका. राखाडी निळसर निघाला, यात कदाचित कोणाची फसवणूक नसेल. मेटॅलिक रंगातले ॲल्युमिनियमचे कण कोट ओला मारला की आडवे बसतात, कोरडा मारला की विस्कटतात, आणि त्यानुसार एकाच डब्यातला रंग गडद किंवा फिका दिसतो. शिवाय ट्यूबलाइटखाली दडलेली निळी छटा आपल्याकडच्या उन्हात उघडी पडते. म्हणून पेंटरला एका पत्र्याच्या तुकड्यावर, त्याच ग्राउंड कोटवर, त्याच गनने बेस आणि क्लिअर मारून द्यायला सांगा. तो तुकडा सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी गाडीच्या शेजारी उभा धरून घरातल्या सगळ्यांना दाखवा. याचे वेगळे पैसे मागितले तर खुशाल द्या.

खर्चाचा खरा फरक दारांच्या आतल्या चौकटीत आहे. राखाडीच्या वेळी आतल्या कडा रंगवल्या असतील, तर मरून करताना त्याही पुन्हा रंगवाव्या लागतील. रंगवल्या नसतील, तर आत्ता दार उघडल्यावर पांढरा रंग दिसत असेलच. हॅन्डल, दिवे, रबरी पट्ट्या, आरसे उतरवून काम करायचे की टेप लावून, यावर मजुरी जवळजवळ दुप्पट-निम्मी होऊ शकते. गाडी पाच-सात वर्षे ठेवायची असेल तर उतरवूनच करा, कारण टेपच्या कडेला राहिलेली रंगाची भिंत पहिल्यांदा सुटते. वर्षभरात विकायची असेल, तर मी तुम्हाला मरूनचा नाद सोडायलाच सांगेन. दोन वेळा रंगलेली गाडी पाहिली की घेणारा अपघाताचाच संशय घेतो.

काम कधी करावे, तर जानेवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा मला बरा वाटतो. आत्ता जिनिंग जोरात आहेत आणि कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. जिनिंगच्या वाऱ्याच्या दिशेला गॅरेज असेल तर ओल्या क्लिअरवर ते बसल्याशिवाय राहत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला पोहोचतो, रंग गनमधून पत्र्यापर्यंत जाईतोच अर्धा वाळतो आणि हात फिरवला की वाळूसारखा खरखरीत लागतो. त्या दिवसांत करायचेच असेल तर सावकाश उडणारे थिनर आणि त्याला साजेसा हार्डनर वापरून सकाळी लवकर मारावे, आणि मारल्याबरोबर गाडी उन्हात ढकलू नये, कारण वरचा पापुद्रा आधी वाळून थिनर आत कोंडते. पावसाळ्यात बूथ नसेल तर विषयच नको. हार्डनर हवेतल्या ओलीशीच प्रक्रिया करू लागतो. काम चालू असताना मुलांना घेऊन गॅरेजमध्ये पाहायला जाऊ नका. पीयू हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासातून गेल्यास दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. पेंटरने बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा वापरायला हवा.

रंगाऐवजी मरून विनाइल रॅप लावावा का, असेही तुम्ही विचारले आहे. कच्च्या क्लिअरवर रॅप लावला की बाहेर पडणारे थिनर खाली अडकून फुगे धरते, आणि पकड कमजोर असेल तर दोन-तीन वर्षांनी रॅप काढताना राखाडी रंग त्याच्याबरोबर सोलून निघतो. म्हणजे तिथेही थांबणे आणि चिकटपट्टीची परीक्षा चुकत नाहीच.

एका गोष्टीचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. तुमच्या आरसीवर गाडीचा रंग आजही पांढराच असणार. रंग ही नोंदणीतली बाब आहे, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मंजुरी न घेता असा बदल केला, तर चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. ती मुदत तुमच्या बाबतीत उलटून गेली आहे. म्हणून मरूनचे काम सुरू करण्याआधीच धुळ्याच्या आरटीओ कार्यालयात जाऊन, आधी झालेला आणि आता करायचा असे दोन्ही बदल सांगून, नोंद कशी करायची ते विचारून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आधी मिळवा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. नाहीतर दाव्याच्या वेळी कागदावर पांढरी आणि समोर मरून गाडी पाहून सर्वेक्षक प्रश्न विचारणारच. जाता जाता, मरूनवरूनही मन फिरले आणि हिरव्याकडे वळले, तर ऑलिव्ह ग्रीन तेवढा टाळा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२१ ने तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे.

आज-उद्या थिनरची आणि चिकटपट्टीची परीक्षा करून घ्या. त्यात राखाडी नापास झाला, तर नव्या पेंटरकडे जाण्यापूर्वी त्या जागेचे फोटो आणि बिल घेऊन जुन्या गॅरेजवाल्याकडे जा. शेड पसंत न पडणे हा वादाचा मुद्दा होऊ शकतो, पण पंधरा दिवसांत पट्टीबरोबर निघून येणारा रंग हे सदोष काम आहे आणि तो काढण्याची मजुरी त्याच्याकडून मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.